शेणाने जपलेला हिशेब

मागच्या बैठकीत शेणखताचा विषय चालला होता. तेव्हा एक काकू म्हणाल्या, "जन्म गेला शेण उचलण्यात. या शेणाचा कधी कोणी इतिहास लिहिला का?" सगळ्या हसलो. पण काकूंच्या प्रश्नाला खरंच उत्तर आहे, आणि ते आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातच सापडलं.

वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शिवारात डायनासोरची हाडं मिळतात. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथली हाडं गोळा केली होती. हाडांसोबत गोल, लांबट गोळेही मिळतात. ते आहे दगड झालेलं शेण, सुमारे साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचं.

शेणाचा दगड होतो कसा? शेण उघड्यावर पडलं तर ऊनपावसाने आणि किड्यांनी संपून जातं. पण पुराच्या गाळाखाली लगेच दबलं तर टिकू शकतं. पाण्यात विरघळलेली खनिजं त्यात झिरपतात, बारीक छिद्रांत भरतात आणि हळूहळू गोळा कठीण होतो. वर गाळाचे थर चढत जातात, दाबाने तेही घट्ट होतात. यालाच गाळाचा खडक म्हणतात.

थर वाचायचे कसे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. जुन्या घराची सारवलेली जमीन उकरली तर पापुद्रे निघतात. वरचा या दिवाळीचा, त्याखालचा मागच्या वर्षीचा, तळाचा आजेसासूच्या हातचा. खडकातही तसंच. उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर जुना, वरचा नवा. आपल्याकडच्या या गाळाच्या थरांवर पुढे ज्वालामुखीचा लाव्हा पसरला. तोच आपला काळा दगड. त्याने खालचे थर झाकून ठेवले.

आता शेणात काय होतं ते ऐका. गवत कापताना पात्याने बोट चिरतं ना? गवत मुळांवाटे पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतं. वाळूत असते तीच ही सिलिका. तिचे डोळ्यांना न दिसणारे कण पानात तयार होतात. पान कुजतं, पोटात पचतं, पण हे कण टिकतात. शिवाय त्यांच्या आकारावरून वनस्पती कोणत्या कुळातली ते ओळखता येतं.

लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या शास्त्रज्ञ वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचं शेण सूक्ष्मदर्शकाखाली तपासलं. त्यात ताड, सूचिपर्णी झाडं यांचे अंश होते आणि निरनिराळ्या गवतांचे कणही होते. हे २००५ साली प्रसिद्ध झालं, तेव्हा जगभर चर्चा झाली. कारण तोवर समज असा होता की गवतं पसरली ती डायनासोर संपल्यावर. २०११ साली याच शेणातून भाताच्या कुळातल्या गवतांचा पुरावाही मांडला गेला. ते काही आपण रोवतो ते धान नव्हे, पण त्याच्या गोतातलं. गवताचा इतिहास मागे नेला तो हाडांनी नाही, शेणाने.

मैत्रिणींनो, आम्ही हे का सांगतो? नांगरटीत, विहिरीच्या खोदकामात असा दगड वर येतो. आपण तो बांधावर फेकतो, नाहीतर पोरं फोडून बघतात. दगड कोणत्या थरातून निघाला हे कळलं नाही, तर निम्मी माहिती गेली. गटाच्या वहीतलं पान फाटलं की कोणी किती भरले ते सांगता येत नाही, तसंच हे. म्हणून वेगळा दगड दिसला तर तो फोडू नका, विकू नका. जागा लिहून ठेवा, फोटो काढा, शाळेतल्या गुरुजींना दाखवा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं कार्यालय नागपुरात आहे, तिथे कळवता येतं.

बैठकीत हे सगळं सांगून झाल्यावर काकू थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या बांधावर असे दोन गोळे पडलेत. उद्या बघायला या." आम्ही जाणार आहोत. वही-पेन घेऊन.