लहान मुलाची पावलं आत वळतात? बहुतेकदा आपोआप सरळ होतात, पण ‘या’ खुणा दिसल्या तर थांबू नका

मूल चालायला लागलं की घरात कौतुक होतं. महिना-दोन महिन्यांत कुणाच्या तरी लक्षात येतं, की मुलाचे चवडे आतल्या बाजूला पडतात, पळताना पायात पाय अडकतो आणि ते धडपडतं. मग सल्ले सुरू होतात. आजी म्हणते मालिश कमी पडली, शेजारी म्हणतात शहरात खास बूट मिळतात, कुणी सांगतं पायाला पट्टा बांधा. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजी आत्तापासूनच सुरू होते.

लहान मुलांना हाडांच्या डॉक्टरांकडे नेणाऱ्या पालकांची ही नेहमीची तक्रार आहे. यातली बहुतेक मुलं औषधाशिवाय, बुटाशिवाय आणि ऑपरेशनशिवाय वाढत्या वयात सरळ चालू लागतात. थोड्या मुलांमध्ये मात्र यामागे वेगळा आजार असतो आणि तिथे वाट बघण्यात गेलेले महिने महागात पडतात. कुठे धीर धरायचा आणि कुठे लगेच निघायचं, हे घरच्या घरी बरंचसं ओळखता येतं.

पाऊल आत का वळतं?

आईच्या पोटात बाळ हातपाय दुमडून, अंग गोळा करून असतं. जागा कमी असल्याने पायाच्या हाडांना थोडा पीळ बसतो. जन्मानंतर पाय वाढतात तसा तो पीळ हळूहळू सुटतो. हा पीळ तीन ठिकाणी असू शकतो. तो कुठे आहे, याचा अंदाज मुलाच्या वयावरून येतो.

१) पावलात – हे तान्ह्या बाळात दिसतं. टाच सरळ असते, पण पुढचा भाग बोटांसकट आत वळलेला असतो. तळव्याकडून पाहिलं तर पाऊल काजूगरासारखं दिसतं. टाच एका हाताने धरून पुढचा भाग अगदी हलक्या हाताने सरळ केला आणि तो सहज सरळ झाला, तर बहुधा काळजीचं कारण नसतं. बहुतेक बाळांचं पाऊल वर्षभरात सरळ होतं. पाऊल कडक असेल, सरळ होतच नसेल, तर डॉक्टर काही आठवडे प्लास्टर घालतात. त्यासाठी बाळाला सात-आठ महिन्यांच्या आत दाखवलेलं बरं.

२) नडगीच्या हाडात – साधारण एक ते तीन वर्षांच्या मुलांत हे जास्त दिसतं. मूल समोर उभं राहिलं की गुडघ्याच्या वाट्या सरळ पुढे बघतात, पण पावलं आत वळलेली असतात. याच वयात पाय थोडे धनुष्यासारखेही असतात, त्यामुळे चाल अजूनच वाकडी वाटते. नडगीचा पीळ चार-पाच वर्षांपर्यंत बहुतेक मुलांत सुटतो.

३) मांडीच्या हाडात – हे तीन ते आठ वर्षांच्या मुलांत दिसतं आणि मुलींमध्ये जास्त असतं. इथे पावलांबरोबर गुडघ्याच्या वाट्याही आत, एकमेकींकडे वळलेल्या दिसतात. अशी मुलं पळताना नडगी बाहेर फेकल्यासारखी पळतात. ती गुडघे पुढे आणि पाय मागे दोन्ही बाजूंना टाकून, म्हणजे इंग्रजी डब्ल्यू अक्षरासारखी बसतात. जन्माच्या वेळी मांडीच्या हाडाला साधारण ४० अंशांचा पीळ असतो, तो कमी होत मोठेपणी १५ अंशांच्या आसपास येतो. पाच-सहा वर्षांच्या सुमारास चाल सगळ्यात वाकडी वाटू शकते. त्यानंतर आठ ते दहा वर्षांपर्यंत ती सुधारत जाते.

घरात आई, वडील किंवा मामा लहानपणी असेच चालत असतील, तर मुलातही तेच दिसू शकतं. म्हणून आधी घरातल्या मोठ्या माणसांना विचारून घ्यावं.

मोबाईलवर अशी नोंद ठेवा

रोज डोळ्यासमोर असलेल्या मुलात झालेला फरक घरच्यांना कळत नाही. त्यासाठी मोबाईल कामाला येतो.

– मुलाला अर्ध्या चड्डीत, अनवाणी, सपाट जागेवर चालू द्या. गुडघे दिसले पाहिजेत.
– मोबाईल मुलाच्या गुडघ्याच्या उंचीवर धरा. एकदा समोरून, एकदा मागून चालतानाचा व्हिडीओ घ्या. थोडं पळतानाचाही घ्या.
– मुलाला उभं करून गुडघ्याच्या वाट्या आणि पावलं एका फोटोत येतील असा फोटो काढा.
– पाय ओले करून कोरड्या फरशीवर किंवा ओट्यावर चालवा आणि उमटलेल्या पावलांचा फोटो घ्या. दोन्ही पावलं सारखीच आत आहेत की एकच जास्त वळलेलं आहे, ते यात स्पष्ट दिसतं.
– दर सहा महिन्यांनी हेच पुन्हा करा. जुने व्हिडीओ पुसू नका.

तालुक्याला डॉक्टरांसमोर मूल रडतं, चालतच नाही. अशा वेळी हे व्हिडीओ उपयोगी पडतात. पाय हळूहळू सरळ होतायत की बिघडतायत, हेही त्यातून कळतं.

या खुणा दिसल्या तर वाट बघू नका

दोन्ही पाय साधारण सारखे आत वळतात, दुखत नाहीत, मूल खेळतं-पळतं आणि वयानुसार फरक पडतोय, तर धीर धरायला हरकत नाही. पण खालीलपैकी एकही गोष्ट असेल तर मूल डॉक्टरांना दाखवावं :

– एकच पाय आत वळतो, किंवा दोन पायांत ठळक फरक आहे.
– मूल लंगडतं किंवा एक पाय आखूड वाटतो.
– पाय दुखतो, सुजतो, किंवा मूल रात्री दुखण्याने उठतं.
– सुधारण्याऐवजी चाल दिवसेंदिवस बिघडते आहे.
– दीड वर्ष पूर्ण झालं तरी मूल आधाराशिवाय चालत नाही.
– मूल कायम चवड्यावर चालतं, पाय ताठ राहतात, चालताना कात्रीसारखे एकमेकांवर येतात.
– वर्षाच्या आतच बाळ एकच हात वापरतं, दुसरी मूठ आवळलेली ठेवतं.
– आधी येत असलेलं चालणं, चढणं आता जमेनासं झालं आहे.
– दोन-तीन वर्षांनंतरही पाय धनुष्यासारखे आहेत किंवा बाक वाढतो आहे, मनगटं जाड वाटतात. हा ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा मुडदूस असू शकतो. तो औषधाने बरा होतो, म्हणून तपासणी लवकर हवी.

ताप आहे आणि मूल पाय टेकवत नाही, किंवा पायातली ताकद अचानक गेली आहे, असं असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ताप आणि पाय न टेकणं म्हणजे सांध्यात पू झालेला असू शकतो. यात एक रात्रही घालवू नये.

जन्मतःच वाकडं पाऊल : हे वेगळं प्रकरण

गावात ‘पाय आत आहे’ हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरलं जातं आणि घोळ तिथेच होतो. एक म्हणजे वर सांगितलेला हाडाचा पीळ. दुसरी म्हणजे क्लबफूट. यात जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेलं असतं, टाच वर ओढलेली असते, तळवा आत बघतो आणि हाताने सरळ केलं तरी पाऊल सरळ होत नाही. साधारण हजार बाळांमागे एकात हे आढळतं, मुलग्यांत जास्त.

क्लबफूट आपोआप बरं होत नाही. मूल तसंच मोठं झालं तर पावलाच्या कडेवर किंवा वरच्या भागावर भार देऊन चालतं, तिथे घट्टे पडतात, जखमा होतात. पण वेळेत उपचार केले तर हेच मूल इतरांसारखं पळतं, शाळेत खेळतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात डॉ. इग्नासिओ पोन्सेती यांनी विकसित केलेली उपचारपद्धत आज जगभर वापरली जाते. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू करतात. दर आठवड्याला पाऊल थोडं थोडं सरळ करत मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात. त्यानंतर बऱ्याच बाळांच्या टाचेमागची ताठ शीर लहानशा छेदाने सैल करावी लागते.

खरी कसोटी पुढे असते. दोन बूट एका दांडीला जोडलेला ब्रेस पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास आणि नंतर साधारण चार वर्षांपर्यंत झोपेत घालावा लागतो. पाय सरळ दिसायला लागला, मूल रात्री रडतं, म्हणून घरचे ब्रेस सोडून देतात. पाऊल पुन्हा वाकडं होण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. पेरणीचे दिवस असोत की घरात लग्न, ब्रेस सुटता कामा नये.

उलट, साध्या पिळासाठी ब्रेस लागत नाही. शेजारच्या क्लबफूटच्या मुलाला ब्रेस दिला म्हणून आपल्याही मुलाला तोच आणायचा, ही चूक करू नये.

कुठे पैसे आणि वेळ वाया जातो

खास बूट, तळव्याखालच्या पाचरी, पायाला बांधायचे पट्टे : नडगीच्या किंवा मांडीच्या पिळावर यांचा उपयोग होत नाही. बूट घातलेल्या मुलाचा पायही सरळ होतो आणि न घातलेल्याचाही, कारण तो वाढीनेच सरळ होत असतो. जड बुटांमुळे मूल उलट जास्त पडतं, आणि इतर मुलं चिडवतात ते वेगळंच.

जोर लावून मालिश : तेल लावून हलक्या हाताने चोळायला हरकत नाही, बाळाला ते आवडतं. पण पाय पिळणं, ओढणं, गुडघा दाबून सरळ करणं धोक्याचं आहे. तान्ह्या बाळाची हाडं नाजूक असतात, अशाने इजा होऊ शकते.

पाय सरळ करून घट्ट बांधणं : पाय सरळ राहावेत म्हणून बाळाला दुपट्यात पाय ताठ करून गुंडाळतात. यामुळे पाय सरळ होत नाहीतच, वर खुब्याचा सांधा निसटण्याचा धोका वाढतो. बाळाला गुंडाळताना खुब्यापाशी पाय दुमडता आणि फाकवता आले पाहिजेत. मुलाला पाय फाकवून कडेवर घेण्याची आपली पद्धत खुब्यासाठी चांगलीच आहे.

बसण्यावरून ओरडा : डब्ल्यूसारखं बसल्याने पाय आत वळतात, हे सिद्ध झालेलं नाही. मांडीच्या हाडाला पीळ असल्यामुळे मुलाला तसं बसणं सोपं जातं. मांडी घालून बसायला प्रेमाने सांगावं, मारू नये.

मोठ्या मापाची चप्पल : वर्षभर टिकावी म्हणून दोन माप मोठी चप्पल घेतली जाते. आधीच अडखळणारं मूल त्यात जास्त पडतं. मापाची, हलकी, मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी. घरात आणि स्वच्छ अंगणात अनवाणी फिरू द्यावं.

मोफत तपासणी कुठे?

सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघर इथून सुरू झाला. त्यात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. तपासणी पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. क्लबफूट, खुब्याचा जन्मजात दोष आणि मुडदूस हे तिन्ही या तपासणीच्या यादीत आहेत. पथक कधी येणार, हे अंगणवाडी ताईंना विचारून ठेवावं आणि त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. पाय आत पडतो हे पथकातल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगावं आणि मोबाईलवरचा व्हिडीओ दाखवावा.

वरच्या यादीतली खूण असेल तर पथकाची वाट न बघता आशा ताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं. तिथून ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची चिठ्ठी मागून घ्यावी. पुढच्या तपासण्या आणि उपचारांसाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी नावाने ओळखलं जाणारं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. या कार्यक्रमातून पाठवलेल्या मुलाचे उपचार, गरज पडल्यास ऑपरेशनही, मोफत होतात. सल्ल्यासाठी १०४ या आरोग्य हेल्पलाइनवर फोन करता येतो.

पालक नेहमी विचारतात

ऑपरेशन लागेल का? क्वचित. आठ-दहा वर्षांनंतरही पीळ खूप जास्त राहिला आणि चालताना खरोखर त्रास होत असेल, तरच हाड कापून फिरवण्याचं ऑपरेशन सुचवतात. ते मोठं ऑपरेशन आहे. तीन-चार वर्षांच्या मुलाला साध्या पिळासाठी कुणी ऑपरेशन सांगितलं, तर जिल्हा रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यावं.

एक्स-रे लागतो का? दोन्ही पाय सारखे असतील, दुखणं किंवा लंगडणं नसेल, तर बहुतेकदा डॉक्टर हाताने तपासून आणि चाल बघूनच सांगतात.

मोठेपणी गुडघे खराब होतील का? थोडा पीळ राहिला म्हणून सांधे लवकर झिजतात, असं सिद्ध झालेलं नाही. पावलं थोडी आत टाकत चालणारी कितीतरी मोठी माणसं शेतात दिवसभर राबतात.

खेळू द्यावं का? जरूर. पळणं, खो-खो, झाडावर चढणं, सायकल, काहीच बंद करू नये. शाळेत मुलं चिडवत असतील तर वर्गशिक्षकांना सांगावं, आणि घरातही ‘वाकड्या’, ‘लंगड्या’ अशी नावं ठेवू नयेत. पाय सरळ झाल्यावरही ती नावं मुलाला चिकटून राहतात.