तरवार आणि दप्तर : हिंदी संरक्षणमंत्र्याच्या पदाची कुळकथा

राज्यानें सैन्य बाळगणें ही एक गोष्ट आणि त्या सैन्याचा हिशेब विचारणारा मनुष्य बाळगणें ही दुसरी. पहिलीचा इतिहास लढायांच्या रूपानें शाळेंतल्या मुलांसहि पाठ असतो. दुसरीचा इतिहास टिपणांत आणि खलित्यांत दडलेला असल्यामुळें तिकडे सहसा कोणी वळत नाहीं. संरक्षणमंत्री हें नांव आपण वर्तमानपत्रांत नित्य वाचतों. परंतु तें पद १९४७ च्या ऑगस्ट महिन्यांत एकाएकीं निर्माण झालें, अशीच पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ज्याच्या हातीं तरवार त्याच्याच हातीं दप्तर असावें कीं नसावें, या एका प्रश्नावरून आपल्या देशांत फार मोठा झगडा झाला; त्यापायीं एका व्हाइसरॉयानें पद सोडलें, हजारों शिपायांनीं प्राण गमावले, आणि त्या झगड्याच्या अखेरीस ही खुर्ची आपल्या हातीं आली. प्रश्न आपल्या लोकांस अपरिचित नव्हता. शिवकालीं गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तीन अधिकारी सारख्याच योग्यतेचे असत, तें एकट्याच्या मर्जीवर गड राहूं नये म्हणूनच. परंतु इंग्रजी अमलांत हा धडा नव्यानें आणि फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. ती कथा आज वाचकांपुढें ठेवावी असें आम्ही योजिलें आहे.

कथेचा आरंभ कलकत्त्यास होतो. १७७६ सालीं ईस्ट इंडिया कंपनीच्या वरिष्ठ सरकारानें तेथें एक लष्करी खातें काढलें. त्याचें काम अगदीं साधें होतें : निरनिराळ्या खात्यांकडून सैन्यासंबंधीं जे हुकूम सुटत, ते निवडून नोंदवावे आणि सैन्यांतील माणसांची यादी ठेवावी. म्हणजे हें खातें जन्मतः कारकुनाचें होतें, शिपायाचें नव्हे. १८३३ च्या सनदी कायद्यानंतर सचिवालयाची जी नवी मांडणी झाली, तींत या खात्याला स्वतःचा सचिव मिळाला. बंगाल, मद्रास व मुंबई या तीन इलाख्यांचीं सैन्यें मात्र १८९५ पर्यंत वेगवेगळींच राहिलीं. त्या वर्षीं तीं एक करून त्यांचे चार विभाग पाडण्यांत आले.

त्या काळीं गव्हर्नर-जनरलच्या कौन्सिलांत सैन्याविषयीं बोलणारे दोघे बसत. एक सरसेनापति, ज्याला आपल्याकडील लोक जंगी लाट म्हणत; दुसरा लष्करी सभासद. मोहीम व शिस्त हा पहिल्याचा प्रांत. पैसा, पुरवठा व कारभार हा दुसऱ्याचा. जंगी लाटानें कांहीं मागितलें कीं ती मागणी लष्करी सभासदाच्या दप्तरांतून जाई. तेथें तिच्यावर टिपण होई, खर्चाचा आंकडा मांडला जाई, आणि मग ती व्हाइसरॉयपुढें येई. लष्करी सभासदहि शिपाईच असे, परंतु दर्जानें जंगी लाटाहून लहान. लहानानें मोठ्याच्या मागणीवर शेरा मारावा, ही व्यवस्था मोठ्यास रुचणारी नव्हती. तींत वेळ मोडे आणि कागद वाढत, हेंहि खरें. परंतु एकाच प्रश्नावर दोन जाणत्यांचीं मतें व्हाइसरॉयच्या कानीं पडत, हा तिचा मोठा गुण होता.

१९०२ च्या नोव्हेंबरांत सुदानचा विजेता लॉर्ड किचनेर जंगी लाट होऊन आला आणि या व्यवस्थेवर त्यानें शस्त्र उपसलें. सैन्याला दोन धनी नकोत, लष्करी सभासदाचें पद मोडून सर्व कारभार आपल्याकडे यावा, अशी त्याची मागणी होती. लॉर्ड कर्झनचें उत्तर असें कीं, यानें दुहेरी अंमल जाईल हें खरें, पण त्याबरोबर मुलकी सरकारचा अंमलहि जाईल. कारण ज्याला दुसरें जाणतें मत ऐकावयास मिळत नाहीं, तो राज्यकर्ता एकाच सल्लागाराच्या मुठींत जातो. कर्झनविषयीं ममता बाळगण्याचें आम्हांस कांहींच कारण नाहीं; बंगालच्या अंगावर फाळणीचा घाव त्यानें ज्या १९०५ सालीं घातला, त्याच सालचा हा तंटा होय. परंतु मनुष्य अप्रिय असला म्हणून त्याचा युक्तिवाद खोटा ठरत नाहीं. कौन्सिलांतील इतर सभासद कर्झनच्या बाजूस होते, आणि तरीहि विलायतेंत किचनेरच्या कीर्तीचें पारडें जड झालें. स्टेट सेक्रेटरी ब्रॉड्रिक यानें मे महिन्यांत तडजोडीचा निर्णय पाठविला. तींत लष्करी सभासदाच्या जागीं केवळ पुरवठा पाहणारा एक सभासद उरला. ऑगस्टमध्यें कर्झननें राजीनामा दिला.

१९०६ च्या मार्चमध्यें जुनें लष्करी खातें मोडलें आणि त्याचीं दोन खातीं झालीं. तडजोड म्हणून राखलेलें पुरवठ्याचें खातेंहि १९०९ च्या एप्रिलांत बंद पडलें. आतां जंगी लाट हाच सैन्याचा नायक आणि तोच सरकारांतील सैन्यखात्याचा सभासद झाला. नायक या नात्यानें त्यानें मागणी करावी आणि सभासद या नात्यानें तीच मागणी त्यानेंच तपासावी, असा हा विलक्षण प्रकार होता. शांततेच्या काळीं तो निभावला. पुढें महायुद्ध आलें.

त्या युद्धांत मेसोपोटेमियाच्या मोहिमेचा भार हिंदुस्थान सरकारनें उचलला. पुण्याचें नांव धारण करणारी सहावी डिव्हिजन टिग्रिस नदीच्या कांठानें बगदादच्या रोखानें चढत गेली. तिच्यांत १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. सैन्य पुढें जात होतें, पण त्यामागून धान्य, औषध व होड्या तितक्या वेगानें जात नव्हत्या. १९१५ च्या नोव्हेंबरांत टेसिफोनच्या लढाईनंतर जखमी शिपाई उघड्या नावांवर, मलमपट्टीवांचून, दिवसचे दिवस पडून राहिले. माघार घेतलेली डिव्हिजन कूट गांवीं वेढली गेली. तिला सोडविण्याच्या खटपटींत सुमारें २३,००० माणसें कामीं आलीं किंवा घायाळ झालीं. आणि १९१६ च्या एप्रिल २९ रोजीं उपासमारीनें जेर होऊन सुमारें १३,००० लोक तुर्कांच्या स्वाधीन झाले. त्यांतले हजारों कैदेंतच मेले. दख्खनच्या कित्येक खेड्यांतून त्या वर्षीं गेलेलीं मुलें परत आलीं नाहींत.

या अनर्थाची चौकशी करणाऱ्या मंडळाचा अहवाल १९१७ सालीं प्रसिद्ध झाला. जंगी लाट आणि कौन्सिलचा लष्करी सभासद यांचीं कामें युद्धकाळांत एका माणसाला पुरेशा रीतीनें करतां येणें शक्य नाहीं, असा अभिप्राय त्यांत आहे. स्टेट सेक्रेटरी चेंबरलेन यानें राजीनामा दिला. किचनेर १९१६ च्या जूनमध्येंच समुद्रांत बुडून मेला होता. आपल्या विजयाचें फळ वाचावयास तो राहिला नाहीं. अपयशाला अनेक कारणें असतात आणि कूटचें सर्व पाप एका खात्याच्या मोडतोडीवर लादणें अन्यायाचें होईल. तरीपण “इतक्या होड्यांवर इतकें सैन्य पुढें जाऊं शकेल काय?” हा प्रश्न अधिकारानें विचारणारा दुसरा मनुष्य सरकारांत उरला नव्हता, ही गोष्ट नाकारतां येत नाहीं.

चूक कबूल झाली, पण सुधारली नाहीं. जंगी लाटाच्या हातून दप्तर काढावयाचें तर तें द्यावयाचें कोणाला? मुलकी सभासद नेमावा, तर आज ना उद्यां ती जागा हिंदी माणसाकडे जाणार, हें भय त्याच्या मुळाशीं असावें असें आम्हांस वाटतें. लोकपक्षाची मागणी तर वाढतच होती. वरिष्ठ कायदेकौन्सिलांत १९०२ पासून नामदार गोखल्यांनीं वाढत्या लष्करी खर्चावर वारंवार टीका केली. १९१९ च्या सुधारणा आल्या, परंतु संरक्षणाचा खर्च मतास टाकावयाचा नाहीं, ही मेख त्यांत मारलेलीच होती. १९२३ मध्यें इंचकेप समितीनेंहि हा खर्च हळूहळू वर्षास ५० कोटि रुपयांपर्यंत खालीं आणावा असें सुचविलें. पण त्यावर मत देण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींस मिळाला नाहीं. १९३५ च्या कायद्यानें संरक्षण हा विषय गव्हर्नर-जनरलच्या स्वतःच्या मर्जींत राखून ठेवला. १९३८ सालीं सैन्यखात्याला ‘संरक्षण खातें’ हें नवें नांव मिळालें. पाटी बदलली, धनी तोच राहिला.

१९४२ च्या क्रिप्स-वाटाघाटींत तर या पदाचें खरें मोल उघड्यावर आलें. जपानी सैन्य ब्रह्मदेशांत शिरलें होतें. काँग्रेसचें म्हणणें, संरक्षणमंत्री हिंदी असावा. उत्तर आलें कीं, अवश्य असावा. आणि त्याच्या कामांची यादी पुढें करण्यांत आली. तींत प्रसिद्धि, पेट्रोल, सैनिकांच्या सुखसोयी, कँटीन, आणि सैन्याचे छापील कागद व लेखनसाहित्य अशा बाबी होत्या. शत्रु दाराशीं आला असतां ज्यानें देशाचें रक्षण करावयाचें, त्याच्या हातीं दौतीचा आणि फराळाचा हिशेब द्यावयाचा होता! पुढें या यादींत फेरफार करण्याचे प्रयत्न झाले, पण एप्रिलांत वाटाघाट मोडली. त्याच वर्षीं जुलैमध्यें सर फिरोजखान नून यांस संरक्षण-सभासद नेमलें. युद्धखातें मात्र जंगी लाट वेव्हेलकडेच राहिलें.

१९४६ च्या सप्टेंबर २ रोजीं मध्यवर्ती हंगामी सरकार आलें आणि सरदार बलदेवसिंग संरक्षण-सभासद झाले. पुढल्या वर्षीं ऑगस्टमध्यें तेच स्वतंत्र हिंदुस्थानचे पहिले संरक्षणमंत्री ठरले. जंगी लाटाचें मंत्रिमंडळांतलें आसन नाहींसें झालें. दिल्लींतलें त्याचें भव्य निवासस्थान, ज्याला आज तीन मूर्ति भवन म्हणतात, १९४८ मध्यें पंतप्रधानांचें घर झालें. शंभर कायद्यांनीं झाला नसता इतका स्पष्ट बोध या एका बिऱ्हाडबदलानें लोकांस झाला. १९५५ सालीं सरसेनापति ही पदवीहि गेली आणि तिन्ही दलांचे प्रमुख हे केवळ ‘प्रमुख’ उरले. किचनेरचा डाव अर्धशतकानंतर पुरता उलटला होता.

परंतु खुर्ची मिळाली म्हणजे ती शोभवितां येतेच असें नाहीं. १९५७ पासून व्ही. के. कृष्ण मेनन त्या जागीं होते. त्यांची बुद्धि तीव्र होती, तशीच जीभहि. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बढत्यांवरून त्यांचें सेनाप्रमुख थिमय्यांशीं इतकें बिनसलें कीं, १९५९ सालीं थिमय्यांनीं राजीनामा दिला. नेहरूंनीं तो परत घ्यावयास लावला, पण तुटलेला विश्वास जुळला नाहीं. १९६२ च्या ऑक्टोबरांत चीनचें आक्रमण झालें, आणि सैन्याचें म्हणणें सरकारच्या कानापर्यंत पोंचत नसलें म्हणजे काय होतें, तें देशानें हिमालयांत पाहिलें. कूट येथें शिपायाला जाब विचारणारा कोणी नव्हता. येथें जाब विचारणारा होता, पण ऐकणारा नव्हता. दोन्हीकडे प्राण शिपायाचेच गेले.

मेनन गेले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांस दिल्लीहून बोलावणें आलें. हिमालयाच्या हांकेला सह्याद्रि धावला, असें त्या वेळीं लोक अभिमानानें म्हणत. अभिमान बाजूस ठेवून पाहिलें तरी त्यांचें काम लक्षांत ठेवण्यासारखें आहे. रोज सकाळीं तिन्ही दलांचे प्रमुख व सचिव यांस एकत्र बसवून त्यांचें म्हणणें ऐकण्याचा परिपाठ त्यांनीं पाडला. पराभवाच्या चौकशीचा निष्कर्ष १९६३ च्या सप्टेंबरांत त्यांनीं लोकसभेपुढें मांडला; मूळ अहवाल मात्र सरकारनें गुप्तच ठेवला. १९६४ पासूनच्या पंचवार्षिक योजनेंत ८,२५,००० चें सैन्य व ४५ तुकड्यांचें विमानदल असा आंकडा ठरला. आणि १९६५ च्या सप्टेंबर १ रोजीं छांब भागांत पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हां विमानदल वापरण्याची परवानगी मागावयास अधिकारी आले असतां त्यांनीं वेळ न दवडतां ती दिली. त्याच सायंकाळीं विमानें उडालीं. कोठें विचारावयाचें आणि कोठें विश्वासावयाचें, हें ज्यास कळतें तोच या खुर्चीचा खरा धनी.

या जुन्या प्रश्नानें २०२० मध्यें पुन्हा डोकें वर काढलें. त्या वर्षीं जानेवारी १ पासून तिन्ही दलांकरितां संरक्षण दलांचा प्रमुख हें नवें पद आलें, आणि त्याच्या हाताखालीं मंत्रालयांत स्वतंत्र सैनिकी खातें निघालें. सैनिकाच्या हातीं पुन्हा दप्तर आलें, असें पाहून कोणास किचनेरची आठवण झाली तर तें वावगें नव्हे. परंतु भेद आहे, आणि तो महत्त्वाचा आहे : या प्रमुखाला दप्तर आहे, पण सैन्यावर प्रत्यक्ष हुकमत नाहीं, आणि त्याच्यावर मंत्री आहे, मंत्र्यावर लोकसभा आहे. तरवार आणि दप्तर एका मुठींत येऊं नयेत, हा नियम अजून टिकून आहे.

एक गोष्ट मात्र आमच्या मनाला लागते. जो खर्च मतास टाकावा म्हणून दोन पिढ्या झगडल्या, तो आतां दरवर्षीं लोकसभेच्या मतास टाकला जातो. आणि पुष्कळदा वेळ नाहीं म्हणून चर्चेवांचूनच मंजूर होतो. मिळविलेला हक्क न वापरणें हें तो नसण्याहून फारसें वेगळें नाहीं. विचारणारा कोणी नसला म्हणजे काय होतें, तें टिग्रिसच्या कांठीं एकदां दिसून आलेलें आहे.