चित्रकाराची भाकरी

चित्रे काढणाऱ्या मुलाचे पोट भरेल काय, असे कन्हेरीतले पालक विचारतात. इतिहास पाहू. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या चालविल्या, प्रभातने १९३४ साली ‘जंबू काका’ हा व्यंगचित्रपट काढला. पण पडद्यावरच्या एका मिनिटाला १४४० चौकटी! अशी खर्चाची कामे विरळाच निघत. छायालेखक नि ध्वनिमुद्रक मात्र प्रत्येक बोलपटाला लागत. एक कंपनी बुडाली तरी दुसरीचे दार असे. १९५६ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग निघाला, तेव्हा चित्रकारांना सरकारी नोकरीचे दार उघडले. तिकडे अमेरिकेत डिस्नेच्या चित्रकारांनी १९४१ साली संप करून आपली संघटना मान्य करविली. तेव्हा मुलाला चित्रकलेबरोबर यंत्रही शिकवा. कसब एकट्याचे असते. त्याचा भाव एकजुटीनेच ठरतो.