डेटोना, 18 फेब्रुवारी 2001: शेवटच्या वळणापर्यंत

आपल्याकडे मोटारींच्या शर्यती सुरुवातीला रंगल्या त्या विमानांच्या धावपट्ट्यांवर. मुंबईचं जुहू, मद्रासजवळचं शोलावरम, कलकत्त्याजवळचं बराकपूर. अमेरिकेत फ्लोरिडातल्या डेटोनाला मात्र खास शर्यतीसाठी ट्रॅक बांधला: एक फेरी 4 किलोमीटरची, वळणं 31 अंशांत कललेली, आणि बाहेरच्या कडेला काँक्रीटची भिंत. तिथे धावतात त्या स्टॉक कार. वरून रोजच्या वापरातल्या गाडीसारख्या दिसणाऱ्या, आतून पूर्ण शर्यतीसाठी बांधलेल्या. त्यांची राष्ट्रीय मालिका भरवणारी संस्था म्हणजे नॅसकार. डेल अर्नहार्ट त्या मालिकेचा सात वेळचा विजेता.

त्याच्या मृत्यूचा घटनाक्रम 18 फेब्रुवारीच्या त्या दुपारी सुरू होत नाही.

नऊ महिने आधी
12 मे 2000. न्यू हॅम्पशायरच्या ट्रॅकवर सरावात 19 वर्षांचा अ‍ॅडम पेटी भिंतीवर आदळून गेला. पेटी घराण्याची ही शर्यतीतली चौथी पिढी. आठ आठवड्यांनी, 7 जुलैला, त्याच ट्रॅकच्या त्याच तिसऱ्या वळणावर केनी अर्विन गेला. ऑक्टोबरमध्ये टेक्सासला ट्रकच्या शर्यतीत टोनी रोपर. एका हंगामात तिघे, आणि तिघांचाही घात मानेपाशी, कवटीच्या तळाशी.

कारण गूढ नव्हतं. गाडी भिंतीवर थांबते, पट्टे धड धरून ठेवतात, पण हेल्मेटसकट डोकं पुढे जातच राहतं. तो सगळा झटका कवटीच्या तळावर येतो. यावर उपायही तयार होता. मिशिगनचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे नातलग, रेसर जिम डाउनिंग यांनी 'हान्स' नावाची कडक कॉलर 1980 च्या दशकातच बनवली होती. ती खांद्यावर पट्ट्यांखाली बसते, दोन छोट्या दोऱ्या हेल्मेटला जोडलेल्या असतात आणि डोकं धडाबरोबरच थांबतं. 1991 पासून ती विकत मिळत होती. नॅसकारने सक्ती केली नाही.

एक आठवडा आधी
ऑरलँडोच्या वृत्तपत्राने याच दुखापतीवर लेखमाला छापली. अर्नहार्टला ही कॉलर गळफासासारखी वाटे. तो तोंड उघडं राहणारं जुन्या पद्धतीचं हेल्मेट घालायचा. वय 49, डेटोनाच्या भिंतींशी जुनी ओळख. त्याचा हट्ट मला समजतो. नियम करणाऱ्यांचं गप्प बसणं समजत नाही.

दुपारी 1 च्या सुमारास
भारतात रात्रीचे साडेअकरा. 43 गाड्या निघाल्या. 200 फेऱ्या. गाड्या झुंडीने, एकमेकींना चिकटून पळाव्यात म्हणून आधीच त्यांच्या बांधणीचे नियम बदलले होते. हेतू साधला: त्या दिवशी आघाडी 49 वेळा बदलली. प्रेक्षक खूश, टीव्ही खूश. पण अशा झुंडीत एकाचा धक्का म्हणजे दहाजणांचा अपघात. हान्स घातलेले ड्रायव्हर मोजकेच.

27 फेऱ्या बाकी
173 व्या फेरीत तेच झालं. टोनी स्टुअर्टची गाडी हवेत उडून उलटली, 18 गाड्या गुंतल्या. लाल झेंडा, शर्यत थांबली. इतका भयंकर अपघात, पण कुणाचाही जीव गेला नाही. सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

शेवटची फेरी
पुढे मायकेल वॉल्ट्रिप, त्याच्या मागे डेल ज्युनियर, तिसरा अर्नहार्ट. पहिल्या दोन्ही गाड्या अर्नहार्टच्याच कंपनीच्या, दुसरीत त्याचा मुलगा. मागून येणाऱ्यांना अर्नहार्ट अडवत होता.

4 वाजून 39 मिनिटं
चौथं वळण. स्टर्लिंग मार्लिनच्या गाडीला किंचित स्पर्श. अर्नहार्टची काळी 3 नंबरची शेव्हरोले आधी खाली, मग एकदम वर वळली, केन श्रेडरच्या गाडीशी भिडली आणि ताशी सुमारे 250 किलोमीटर वेगाने भिंतीवर गेली. मघाच्या अपघातापुढे हा किरकोळ दिसला. वॉल्ट्रिप जिंकला, 463 व्या प्रयत्नात पहिल्यांदा. श्रेडर उतरून अर्नहार्टच्या खिडकीशी गेला, जाळी सोडली, आत पाहिलं आणि लगेच हात हलवून मदत बोलावली.

5 वाजून 16 मिनिटं
हॅलिफॅक्स रुग्णालयात डॉक्टरांनी मृत घोषित केलं. कवटीच्या तळाचं फ्रॅक्चर. नऊ महिन्यांतला चौथा.

संध्याकाळी 7 च्या सुमारास
नॅसकारचे अध्यक्ष माइक हेल्टन यांनी पत्रकारांना बातमी सांगितली.

आणि नंतर
पुढच्याच आठवड्यात नॅसकारने डाव्या बाजूचा कमरेचा पट्टा तुटल्याचं सांगितलं आणि पट्टा बनवणाऱ्याकडे बोटं वळली. ड्यूक विद्यापीठाच्या स्वतंत्र तज्ज्ञाने मात्र पट्टा शाबूत असता तरी डोक्याचा झटका बहुधा असाच घातक ठरला असता, असं मत दिलं. ऑगस्टमध्ये नॅसकारचा अहवाल आला. हान्ससारख्या साधनांची शिफारस झाली, सक्ती तेव्हाही नाही. 4 ऑक्टोबरला शार्लटला दुसऱ्या मालिकेच्या शर्यतीत ब्लेझ अलेक्झांडर भिंतीवर आदळून गेला. वय 25, कॉलर नव्हती. त्याच्याशी टक्कर झालेल्या गाडीत अर्नहार्टचाच थोरला मुलगा केरी होता.

17 ऑक्टोबर 2001 ला सक्ती झाली. त्यानंतर नॅसकारच्या तिन्ही राष्ट्रीय मालिकांत एकही ड्रायव्हर शर्यतीत दगावलेला नाही.