प्लाटिनमची तार आणि पेट्रोल



आमच्या बालाघाटला विमानाचा आवाज नवा नाही. शेजारी गोंदियाजवळ बिरसी येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने धावपट्टी बांधली आणि आज तेथे वैमानिकांना शिक्षण दिले जाते. एखादे शिकाऊ विमान शाळेवरून गेले की वर्गातील सगळ्या माना खिडकीकडे वळतात आणि शिक्षकाला फळ्यावरचे वाक्य क्षणभर अर्धेच सोडावे लागते. अशाच एका वर्गातील मुलाने काही वर्षांपूर्वी मला एक प्रश्न विचारला. मी त्याला दिलेले पहिले उत्तर चुकीचे होते. ती चूक कशी ध्यानात आली आणि तिच्यामागे केवढा जुना इतिहास होता, ते आज सांगावयाचे आहे.

त्या मुलाला त्याच्या मामाने लहान विमानाचे एक जुने इंजिन दिले होते. मुठीत मावेल एवढे ते यंत्र. परंतु त्यात सिलिंडर, दट्ट्या, इंधनाचे प्रमाण ठरविणारी सुई, सारे काही होते. डोक्यावर एक बारीक प्लग होता. तो मोटारीच्या स्पार्क प्लगसारखा दिसला, तरी त्यात ठिणगी पडण्याची सोय नव्हती. आत केवळ प्लाटिनमच्या तारेचे इवलेसे वेटोळे होते. यालाच ग्लो प्लग म्हणतात. दीड व्होल्टचा विद्युतघट जोडून ती तार लाल करावयाची, पंखा फिरवून इंजिन सुरू करावयाचे आणि मग घट काढून घ्यावयाचा. तार पुढे आपोआप तापलेली राहते. या इंजिनाचे इंधन म्हणजे मिथेनॉल, अर्थात लाकडी मद्यार्क, आणि त्यात मिसळलेले एरंडेल.

एरंडेल कोणत्याही किराणा दुकानात मिळते. मिथेनॉल मिळत नाही. पेट्रोल मात्र प्रत्येक हमरस्त्यावर आहे. म्हणून त्या मुलाने विचारले, "सर, यात पेट्रोल घातले तर चालेल का?" वजनास वजन धरले तर पेट्रोलमध्ये मिथेनॉलच्या दुपटीहून अधिक उष्णता असते, हे मला ठाऊक होते. तेवढ्या भांडवलावर मी भर वर्गात सांगून टाकले, "चालेल. उलट अधिक जोमाने चालेल."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या पटांगणात एका जुन्या बाकाला इंजिन घट्ट बसवून, वाळूची बादली जवळ ठेवून, आम्ही प्रयोग केला. घट जोडलेला असताना दोनचार फटके बसले, धूर निघाला, पंखा गरगरला. घटाची तार काढताच इंजिन गप्प झाले. पुन्हा जोडली, पुन्हा फटके. काढली, पुन्हा शांतता. आठदहा वेळा हेच झाले. मुले माझ्या तोंडाकडे पाहू लागली आणि उत्तर शोधणे मला भाग पडले.

पेट्रोल आणि तापलेली वस्तू यांचा संबंध ग्लो प्लगहून पुष्कळ जुना आहे. जर्मनीत गॉटलीब डाइम्लर याने १८८३ साली ज्या इंजिनाचे पेटंट घेतले, त्यात विजेची ठिणगी नव्हती. सिलिंडरला एक लहान नळी जोडलेली असे आणि ती बाहेरून ज्योतीने सतत लाल ठेवीत. दट्ट्याने दाबलेले मिश्रण त्या तापलेल्या नळीत शिरून पेट घेई. १८८५ सालची त्याची प्रसिद्ध दुचाकी याच युक्तीवर धावली. म्हणजे तापलेल्या पृष्ठभागावर पेट्रोल पेटत नाही, असे मुळीच नव्हे. अट एवढीच की त्या पृष्ठभागाला बाहेरून अखंड उष्णता पुरविली पाहिजे. परंतु पेट्रोलच्या गाडीवर उघडी ज्योत बाळगणे धोक्याचे होते आणि मिश्रण कोणत्या क्षणी पेटावे हे इच्छेनुसार ठरविणेही कठीण होते. १९०२ साली रॉबर्ट बॉश याच्या कारखान्यातून उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग बाहेर पडले, आणि तापलेली नळी मागे पडत गेली.

लहान विमानांनीही प्रथम ठिणगीचाच मार्ग धरला. अमेरिकेत सॅम्युअल लँगली याने आपल्या मोठ्या विमानाची पाव आकाराची प्रतिकृती १९०१ साली पेट्रोलच्या इंजिनावर उडविली. तीत माणूस नव्हता. पुढे १९३४ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या विल्यम ब्राऊन या तरुणाचे 'ब्राऊन ज्युनियर' हे इंजिन विक्रीस आले आणि हौशी मुलांच्या हाती प्रथमच भरवशाचे लहान पेट्रोल-इंजिन पडले. त्याचे इंधन पेट्रोल आणि दाट खनिज तेल. परंतु ठिणगीसाठी विमानाला कॉइल, कंडेन्सर आणि विद्युतघट एवढा संसार पोटात वागवावा लागे. हलक्या लाकडाच्या आणि कागदाच्या विमानाला हे ओझे फार होई.

हे ओझे उतरविले ते रे आर्डेन या अमेरिकन कारागिराने. त्याचा ग्लो प्लग १९४७ साली बाजारात आला. कॉइल गेली, कंडेन्सर गेला, घट जमिनीवर राहिला. काही वर्षांतच लहान इंजिनांतून ठिणगी जवळजवळ नाहीशी झाली. आपल्याकडे राष्ट्रीय छात्र सेनेची वायुशाखा १९५० साली सुरू झाली आणि लहान विमाने बनविणे व उडविणे हा तिच्या शिक्षणाचा एक भाग ठरला, तो या नव्या युगातच.

आता प्रश्न असा की घट काढून घेतल्यावर ती तार तापलेली कशी राहते? स्फोटाची काही उष्णता तिच्यात उरते, हे खरे. पण तेवढ्याने भागत नाही. याचे उत्तर आर्डेनच्या एकशेतीस वर्षे आधी हम्फ्रे डेव्हीच्या प्रयोगशाळेत मिळाले होते. खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा तयार करणारा तोच हा डेव्ही. १८१७ साली त्याने दाखवून दिले की कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लाटिनमची गरम तार धरली, तर ज्योत नसतानाही ती लाल होऊन चकाकत राहते. मद्यार्काच्या वाफेवरही तेच घडते. १८२३ साली जर्मन रसायनज्ञ डोबेरायनर याने प्लाटिनमच्या भुशावर हायड्रोजन सोडून तो पेटवून दाखविला. प्लाटिनम स्वतः जळत नाही. आपल्या पृष्ठभागावर ते दुसऱ्याचे ज्वलन सुलभ करते. अशा पदार्थाला आपण उत्प्रेरक म्हणतो.

मिथेनॉलची वाफ प्लाटिनमवर फार सहजपणे, कमी तापमानालाच, प्राणवायूशी संयोग पावते. त्यामुळे दोन स्फोटांच्या मधल्या क्षणीही तार निवत नाही; इंधनच तिला तापवीत असते. पेट्रोलच्या वाफेला त्याच कामासाठी तार कितीतरी अधिक तापलेली लागते. घट काढला की तार थोडी निवते, निवली की पेट्रोल तिला तापवू शकत नाही, आणि खेळ आटोपतो. आमच्या बाकावर घडले ते हेच.

माझी दुसरी चूक हिशेबातली होती. इंजिनाच्या शक्तीला मर्यादा पडते ती इंधनाने नव्हे, तर सिलिंडरमध्ये मावणाऱ्या हवेने. एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते. मिथेनॉलला साडेसहा भागच पुरते. तेवढ्याच हवेत मिथेनॉल दुपटीहून अधिक जाळता येते, आणि मिळणारी उष्णता पेट्रोलच्या बरोबरीची, किंबहुना किंचित अधिक भरते. शिवाय मिथेनॉल वाफ होताना पुष्कळ उष्णता शोषून घेते, म्हणून इंजिन थंड राहते. तेलाचेही तसेच. एरंडेल मिथेनॉलमध्ये चांगले मिसळते. पेट्रोलमध्ये ते धड मिसळत नाही. 'अधिक जोमाने चालेल' हे माझे वाक्य असे चारी बाजूंनी कोसळले.

एका मुलीने विचारले, "सर, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतेच ना?" प्रश्न चांगला होता. परंतु शंभरात वीस भाग इथेनॉल धरले, तरी उरलेले ऐंशी भाग पेट्रोलच असते आणि तारेची गाठ मुख्यतः त्याच्याशीच पडते.

मग मिथेनॉल का आणून दिले नाही, असे कोणी विचारील. मुलानेही विचारले. मिथेनॉल हे विष आहे. अगदी थोडे पोटात गेले तरी दृष्टी जाते, प्राणही जातो; ते कातडीतूनही अंगात शिरते; भर उन्हात त्याची ज्योत डोळ्यांना दिसत नाही. मुंबईच्या मालवणी भागात २०१५ सालच्या जूनमध्ये मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. त्याच्या विक्रीवर कायद्याची बंधने आहेत ती उगीच नाहीत. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, योग्य ठिकाणी, हे इंधन वापरतात. चौदा वर्षांच्या मुलाच्या घरी फडताळात, पाण्याच्या बाटल्यांशेजारी, त्याची बाटली ठेवण्याची जबाबदारी मी घेऊ शकत नव्हतो. तसे मी त्याला स्पष्ट सांगितले. तो खट्टू झाला. पण त्याला नकारामागचे कारण कळले होते.

शेवटी आम्ही डाइम्लरच्या वाटेने गेलो. घट काढलाच नाही. तो प्लगला कायमचा जोडून ठेवला. पेट्रोलात खनिज तेल मिसळले आणि पेट्रोल थोडेच लागत असल्याने सुई पुष्कळ आवळली. इंजिन अडखळत, खोकत, पण सलग मिनिटभर चालले. मुलांनी टाळ्या वाजविल्या. टाळ्या थांबल्यावर तो मुलगाच म्हणाला, "पण सर, आता विमानाला घट घेऊन उडावे लागेल." आर्डेनने जे ओझे उतरविले होते, ते आम्ही पुन्हा चढविले होते. मोठ्या आकाराच्या लहान विमानांत आज पेट्रोल वापरतात, ते हे ओझे पत्करूनच. मात्र तेथे ग्लो प्लग नसतो, इलेक्ट्रॉनिक ठिणगी असते. आणि पुष्कळ हौशी मंडळींनी तर इंजिन सोडून विजेची मोटर धरली आहे.

शुभवर्तमानात दहा कुमारिकांचा दृष्टांत आहे. दिवे दहाही जणींच्या हाती होते. तेल बरोबर घेतलेल्या पाचजणींचेच दिवे वेळेला उपयोगी पडले. त्या प्लाटिनमच्या तारेकडे पाहताना मला हा दृष्टांत आठवला. बाहेरून दिलेली ऊब काढून घेतल्यावरही जे तेवत राहते, तेच खरे पेटलेले. विद्यार्थ्याच्या ज्ञानाचेही असेच आहे. शिक्षकाने घाईने दिलेले उत्तर शिक्षक समोर आहे तोवर चालते. स्वतः करून, चुकून, कारण शोधून मिळविलेले उत्तर तो गेल्यावरही तेवत राहते.

दुसऱ्या आठवड्यात मी त्याच वर्गात, त्याच फळ्यावर, माझे चुकलेले वाक्य लिहिले आणि सर्वांसमोर खोडले. ते इंजिन आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे, आणि खाली त्या मुलाच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'पेट्रोलवर चालते, पण घट काढू नये.'