मृगसालाची कुळकथा

नववर्षाचा संकल्प ही साहेबी चाल असून ती 1 जानेवारीबरोबर आपल्याकडे आली, असे म्हणणाऱ्यांची संख्या मोठी आहे. चैत्रपाडव्याचे अभिमानी त्यांना विरोध करतात, आणि पेढीवरची मंडळी दिवाळीत नवी वही पुजून या वादातून अंग काढून घेतात. या तिन्ही पक्षांशी मतभेद नोंदवून मी असे म्हणतो, की कोल्हापूरच्या माणसाचे खरे नववर्ष मृगाच्या तोंडावर उजाडते, आणि त्याचे मूळ शाळेच्या घंटेत नसून सुलतानी जमाबंदीत आहे.

हे सुचले ते मोडीच्या नादात. पेशवाईतल्या एका कागदावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ असा कालनिर्देश आढळला. एक, साठ, शंभर आणि हजार अशी एककापासून वर चढत जाणारी ही अरबी बेरीज 1161 होते. हा सुहूर सन, आणि त्यात 599 मिळवले की 1760 चा पावसाळा हाती येतो. ज्या वर्षाचे आकडे अरबी, ज्याचे महिने मोहरम, सफर, जिल्काद असे हिजरी, ज्यात तिथीच्या जागी ‘छ’ लिहून चंद्र मोजायचा, त्या वर्षाचा आरंभ मात्र सूर्य मृगनक्षत्रात शिरतो त्या दिवशी व्हावा, ही तडजोड पाहून मी थक्क झालो. रयतेने त्याला मृगसाल म्हटले ते उगीच नव्हे. दिल्ली सदाशिवरावभाऊंनी घेतली ऑगस्ट 1760 मध्ये आणि पानिपत घडले 14 जानेवारी 1761 रोजी. आपल्या पाठ्यपुस्तकात ही दोन वर्षे, पण दफ्तरात एकाच पेरणीचे एकच साल.

एवढी यातायात कशासाठी? हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षाहून सुमारे 11 दिवसांनी तोकडे पडते, आणि त्या हिशेबाने वसुली ठेवली तर हप्त्याची मुदत कधी राशीवर, तर कधी कोरड्या नांगरटीवर येऊन ठेपणार. गणित मागे नेले तर सुहूर आणि हिजरी हे दोन्ही सन 745 वर, म्हणजे इसवी सन 1344 पाशी, एकत्र येतात. ती अमदानी मुहंमद तुघलकाची. आकडा राहिला हिजरी आणि गती झाली सौर. पानिपतापर्यंत दोहोंत तेरा वर्षांचे अंतर पडले. पुढे शाहजहानाने दक्षिणेत फसली सन आणला, तोही मृगातच सुरू झाला.

आता माझा लाडका तर्क. हल्ली सूर्य 7 किंवा 8 जूनला मृगात येतो आणि त्याच सुमारास आपल्या शाळा उघडतात. शिक्षणखात्याने जुन्या महसुली वर्षाचा उंबरठाच उचलून शाळेला बसवला, असे मी मानतो. प्रतिपक्ष म्हणेल की कारण केवळ उन्हाचे आहे, आणि विदर्भात शाळा उशिरा उघडतात हा पुरावा त्याच्या बाजूने भक्कमही आहे. परंतु ऊन सुट्टीचे कारण होईल, वर्षारंभाचे नव्हे. केंद्रीय विद्यालयांचे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊन उन्हाळ्याची सुट्टी त्याच्या पोटात जाते, हे कसे विसरावे? शिवाय ज्या करवीर संस्थानात 1901 पासून वसतिगृहे उभी राहिली आणि 1917 साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करून मूल न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला, तिथे शाळेत नव्याने येणारी पोरे कुणब्याघरची होती, आणि त्यांच्या घरात वर्ष मृगापासूनच मोजले जाई.

मी स्वतः माझे बेत जूनमध्येच करतो. जानेवारीचा संकल्प दिनदर्शिकेच्या कोऱ्या पानावर भाळून केलेला असतो. जूनच्या संकल्पाला पावसाची अट असते, म्हणून तो आपोआप बेताचा राहतो. काय वाचायचे, काय शिकायचे, कोणते अर्धवट काम निकाली काढायचे, एवढेच मी कागदावर टिपतो, आणि दिवाळीत खरिपाबरोबर त्याचाही हिशेब पाहतो. उतारा बहुधा कमीच पडतो. पन्हाळा-शाहूवाडीकडे भाताची धूळवाफ पेरणी होते. पावसाचा थेंब नसताना, निव्वळ भरवशावर, कोरड्या धुळीत बियाणे पडते. संकल्प या गोष्टीची याहून रोखठोक रीत माझ्या पाहण्यात नाही.

पाडव्याच्या पक्षाचा एक मुद्दा मात्र मला खरोखर अडवतो. मराठवाडा-विदर्भात सालगड्याचे साल गुढीपाडव्यालाच बदलते. तिथे मृगाची कोणी वाट पाहत नाही. माझे उत्तर असे, की पाडव्याची कबुलायत दुसऱ्याशी असते आणि मशागतीला माणूस आधी हवा म्हणून ती आधी होते. बियाण्याशी करार मृगातच. हे उत्तर लंगडे वाटत असेल तर सीमाभागातला कर्नाटकी बेंदूर पाहावा: ज्येष्ठी पौर्णिमेला, पेरणीच्या ऐन धामधुमीत, बैलांची शिंगे रंगवून त्यांना मिरवतात, आणि मराठी बेंदूर त्यानंतर येतो. एकाच कोल्हापुरात बैलांचे हे दोन सण का, याचा उलगडा पाडव्याच्या अभिमान्यांनी करून दाखवावा. तोवर मी आपला तर्क मागे घेत नाही.