खोटें नाणें, खोटी साक्ष

वऱ्हाडांतील मंगरूळपीर तालुका पूर्वीं अकोला जिल्ह्यांत मोडत असे. १९९८ सालीं वाशीम जिल्हा निराळा झाला, तेव्हां तो तिकडे गेला. आसेगांव हें या तालुक्यांतील एक गांव आणि तऱ्हाळा हें दुसरें. नाणकशास्त्राच्या अभ्यासकांस तऱ्हाळ्याचें नांव चांगलें परिचित आहे. कारण १९३९ सालीं तेथें सातवाहन राजांच्या नाण्यांचा निधि सांपडला. तांबें, शिसें व कथील यांच्या मिश्रणास पोटीन म्हणतात. त्या धातूचीं दीड हजारांच्या वर नाणीं त्यांत होतीं. एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती व भोंवतीं राजाचें नांव, दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचें म्हणून ओळखलें जाणारें चिन्ह, असें त्यांचें रूप. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं त्यांचें वाचन करून तें प्रसिद्ध केलें. त्यांतून कुंभ सातकर्णि, कर्ण सातकर्णि, शक सातकर्णि अशीं नांवें पुढें आलीं. पुराणांतील वंशावळींत हीं नांवें नाहींत. या राजांचें अस्तित्व त्या चिमुकल्या नाण्यांनींच आपणांस सांगितलें.

आजच्या विषयाचें मर्म येथें आहे. ज्या राजास नाण्यावांचून दुसरा साक्षीदार नाहीं, त्याच्या बाबतींत खोटें नाणें म्हणजे खोटी साक्ष होय. तें विकत घेणाऱ्याचे पैसे बुडतात हें तर झालेंच. पण तें एकदां संग्रहांत शिरलें, त्याचें चित्र एखाद्या पुस्तकांत छापलें गेलें, कीं इतिहासांत न झालेला राजाहि सिंहासनावर बसूं शकतो.

खोटीं नाणीं पाडण्याचा धंदा नवा नव्हे. पेशवाईंत टांकसाळी बहुधा मक्त्यानें दिल्या जात, आणि मक्तेदाराच्या लोभामुळें हिणकस नाणें बाजारांत येई. १७६० च्या सुमारास धारवाडकडील खासगी टांकसाळी अशाच कारणास्तव बंद करण्याचा हुकूम सुटला होता. त्या काळचा लबाड सोन्याचांदींत हीण मिसळी. म्हणून सराफ नाणें वाजवून, कसोटीवर घासून घेई. आजच्या लबाडाचें गणित उलट आहे. त्यास धातूंत कांहीं वांचवावयाचें नसतें. तो अस्सल चांदी वापरील, जुनें तांबें वितळवून घेईल; कारण गिऱ्हाईक जी किंमत मोजतें ती धातूची नसून जुनेपणाची असते. त्यामुळें सराफाची कसोटी येथें अपुरी पडते.

शिवछत्रपतींच्या नाण्यांचेंच उदाहरण घेऊं. १६७४ सालीं रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि सोन्याचा होन व तांब्याची शिवराई हीं नाणीं महाराजांच्या नांवानें निघालीं. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’, आणि कडेला ठिपक्यांचें वर्तुळ. एवढाच त्यांवरील मजकूर. त्यांवर महाराजांची मुद्रा नाहीं, तलवार नाहीं, सालाचा आंकडाहि नाहीं. तेव्हां इंटरनेटवरील लिलावांत ‘१६७४’ असा आंकडा व महाराजांचें चित्र असलेला ‘अस्सल होन’ दिसला, तर तो आधुनिक स्मरणमुद्रिका आहे असें खुशाल समजावें. मात्र ‘शिव’ ऐवजीं ‘शीव’ किंवा ‘सिव’ दिसलें म्हणून शिवराई खोटी ठरवूं नये. ही नाणीं पुढें ब्रिटिश अमदानीपर्यंत अनेक ठिकाणीं पाडलीं गेलीं, आणि त्यांत अक्षरांचे असे भेद पुष्कळ आहेत.

दुसरा प्रकार कंपनी सरकारच्या नाण्यांचा. एका बाजूस रामपंचायतन किंवा मारुती, आणि दुसऱ्या बाजूस १८१८ साल व ‘एक आणा’ अशीं तांब्याचीं नाणीं भाविक मंडळी मोठ्या किंमतीस घेतात. मद्रासेकडे कंपनीनें देवमूर्तींचे होन पाडले होते, ही गोष्ट खरी. परंतु एक आण्याचें सरकारी नाणें निघालें तें विसाव्या शतकाच्या आरंभीं. मग १८१८ चा आणा येणार कोठून? साधी कालगणना येथें भिंगाचें काम करते.

आतां प्रत्यक्ष परीक्षेविषयीं. हातानें पाडलेलें नाणें दोन ठशांमध्यें धातूची चकती ठेवून, वरून घण मारून केलेलें असतें. चकती दर वेळीं थोडी इकडेतिकडे सरकते. म्हणून एकाच ठशाचीं दोन नाणींहि कडांनीं व मांडणीनें तंतोतंत जुळत नाहींत. विक्रेत्याच्या दोन नाण्यांवर तोच खळगा, तोच ओरखडा, तीच तुटकी कड दिसली, कीं दोन्हीं एका साच्यांतून ओतलेलीं आहेत असें ओळखावें. ओतीव नाण्यावर भिंगांतून बारीक छिद्रें दिसतात, अक्षरांच्या कडा बोथट असतात, आणि कडेवर साच्याचा सांधा घासून काढल्याची खूण राहते.

यंत्रानें पाडलेल्या रुपयाची परीक्षा अधिक सोपी. राणीच्या काळचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, बारा भागांत अकरा भाग चांदीचा. दोऱ्यानें बांधून तो पाण्यांत तोलला, तर वजन सुमारें १.१३ ग्रॅमनें घटतें. हलक्या धातूचा असेल, तर घट याहून अधिक भरते. शिवराईचीं वजनें मुळांतच कमीजास्त असल्यामुळें तेथें तराजूवर एवढा भरंवसा ठेवतां येत नाहीं.

इंटरनेटवरील लिलावांत मात्र नाणें हातीं नसतें. असतें तें केवळ छायाचित्र, आणि तेंहि कित्येकदां दुसऱ्याच नाण्याचें. म्हणून कडेचें छायाचित्र, अचूक वजन व परत घेण्याची लेखी हमी या तीन गोष्टी मागाव्या. त्या देण्यास जो टाळाटाळ करील, त्याचा माल घेऊं नये. आपलीं जुनीं नाणीं विकतांनाहि सावध असावें. रिझर्व्ह बँकेचें नांव सांगून शुल्क उकळणाऱ्यांविषयीं त्या बँकेनें २०२१ सालीं लोकांस जाहीर सूचना दिली आहे.

शेवटीं पुन्हा तऱ्हाळ्याकडे वळूं. तेथील निधि एकत्र राहिला, जाणत्याच्या हातीं गेला, म्हणून तो बोलला. तींच नाणीं एकेक करून विकलीं गेलीं असतीं, तर ‘जुनें नाणें, हत्तीछाप’ एवढीच त्यांची ओळख उरली असती. जमिनींत सांपडलेल्या दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या निधीची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी, असा कायदा १८७८ पासून आहे. तो पाळला गेला, तर नाण्याबरोबर त्याचें गांव, त्याचें मडकें, त्याचे सोबतीहि नोंदले जातात. आणि ही सोबत कोणत्याहि लबाडास साच्यांत ओततां येत नाहीं.